कारणाचा रकाना

तळमजल्यावर, अपघात विभागाच्या मागे,
जिथे जनरेटरची धग भिंतीतून येते,
तिथे माझं टेबल.
दोन वह्या समोरासमोर उघडायच्या:
डावीकडे रात्री आलेले,
उजवीकडे गेलेले.
अंत्रोळीकर मॅडमनी सांगितलंय,
जानेवारी ते जून, दुखण्याच्या गोळ्यांनी किती,
चिठ्ठीवरच्या, बिनचिठ्ठीच्या,
तेवढं काढून द्या, उज्ज्वलाताई.

तेवढं.

डावी वही बोलते. घाईत, पण बोलते.
'बाहुल्या टाचणीएवढ्या. हाक मारल्यास हुंकार.
खिशात रिकामी पाकिटं, तीन. सोबतचा इसम पळाला.'
'हडपसर. मुलगी, एकोणीस. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या.'
'फिट. मार्केट यार्डात गाळ्यावरून उचलून आणला.'
शिकाऊ डॉक्टरांचं अक्षर पहाटे चारनंतर
रेघ सोडून खाली उतरतं,
तरी काहीतरी सांगून जातं.

उजवी वही एकच वाक्य जाणते:
हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.
पानामागून पान.
अहो, ती तर सगळ्यांचीच बंद पडते.
माझ्या सासऱ्यांची पडली, ब्याण्णवाव्या वर्षी, चहा पिताना.
का पडली, ते लिहायला शेजारी रकाना आहे,
चांगला दोन बोटं रुंद.
त्यात आडवी रेघ.

मी पट्टी ठेवून वाचते. पिवळी, कंपासपेटीतली,
मुलाने आता लागत नाही म्हणून दिलेली.

चांगदेव थिटे, हमाल, बेचाळीस. फेब्रुवारी.
शुद्धीवर आला, सही करून निघून गेला.
चंदू ठिटे, मजूर, पंचेचाळीस. एप्रिल. पुन्हा तसंच.
सी. डी. तिटे, धंदा नाही, अंदाजे पन्नास. जून.
उजवी वही.
चार महिन्यांत आठ वर्षांनी थकलेला हा माणूस
मी तीन माणसं म्हणून मोजणार होते.
जुळला एका खुणेवर:
मनगटावर गोंदलेला विंचू, नांगी अर्धवट.
तिन्ही वेळा कुणीतरी तेवढं मात्र लिहिलं होतं.

त्याची बायको दाखल्याला आली होती खिडकीपाशी.
कांद्याचं पोतं पन्नास किलोचं असतं, म्हणाली,
जणू मीच ते उचलायला लावलं होतं.
पहिली गोळी डॉक्टरांनीच दिली, पाच दिवसांची.
सहाव्या दिवशी पोती होतीच की.
मग दुकानवाला जुनी चिठ्ठी बघून द्यायचा,
मग न बघता,
मग ह्यांना बघूनच.
दाखल्यावर काय लिहिलंय, वाचा, म्हणाली.
वाचलं.
'हृदय?
बाई, त्यांचं तेवढंच तर धड होतं.'

मॅडम वाईट नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी तिन्ही पानं पाहिली, विंचूही पाहिला.
व्हिसेरा राखून ठेवलाय, म्हणाल्या,
अहवाल येईपर्यंत हा आपल्या आकड्यात नाही.
मागच्या वर्षीचे अहवाल कुठे आहेत, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

तर तक्ता असा गेला:
डावीकडे एकशे बारा, उजवीकडे चार.
वर कुणीतरी म्हणेल, चारच ना.
थिट्यांचं नाव थिटंच पडलं
आणि माझी बेरीजही.

मी एक तिसरी वही केली आहे. शंभर पानी, घरची.
तिच्यात एकच रकाना: बहुधा.
कुणी मागितलेली नाही. खणात असते,
डब्याच्या खाली.

सहाला सुटले. कात्रजच्या बसमध्ये उभी,
दिवसभर बसून कंबर लाकूड झालेली.
पर्समधलं पाकीट काढलं.
दहाची पट्टी, माझ्याच नावाच्या चिठ्ठीवरची.
सोमवारी एक, बुधवारी एक, काल एक.
सात उरायला हव्यात.

बस स्वारगेटला थांबली, लोक उतरले, जागा झाली.
बसून परत मोजल्या,
नखाने एकेक फुगा दाबत.

पाच.