दिवस मावळायच्या आत

उद्यमनगरात, इलाही मिस्त्रींच्या शेडसमोर
ही चौथी गाडी.
आधीच्या तीन त्यांनी बॉनेट न उघडता परत पाठवल्या.
एकीचा नुसता दरवाजा लावून बघितला, म्हणाले,
ताई, ही पुरात उभी होती,
पंचगंगेचा गाळ अजून बिजागरीत आहे.

शीतलकडे वही. रकाने पाडलेली.
मायलेज, डिकी, एअरबॅग, हप्ता.
शोरूममधल्या पोरानं सनरूफ दोनदा उघडून दाखवलं,
घाटाचं विचारलं तर माहितीपत्रक पुढं केलं.
धाकट्या दिरांना पांढरा रंग नको,
सम्मेदला खिडकीचीच जागा,
कारण वळणं सुरू झाली की त्याला ओकायचं असतं.

आक्का गाडी गुडघ्यांनी बघतात.
पायरीवर पाय. दांडीला हात.
श्वास.
बसल्या.
आणि आतूनच विचारलं,
श्रवणबेळगोळला दिवस मावळायच्या आत पोचवंल का ही?

मिस्त्री हसले नाहीत.

मला ती जुनी व्हॅन आठवली.
हुबळीहून येताना तवंदी घाटात
रेडिएटरनं वाफ सोडली,
आणि खाली निपाणीच्या तंबाखूवर ऊन लाल होत गेलं.
डबा भरलेला होता. बिनकांद्याचे धपाटे, शेंगांची चटणी.
आक्कांची अंथऊ मात्र बघता बघता हुकली.
त्यांनी डबा उघडला, सगळ्यांना वाढलं,
पाण्याचा तांब्याही स्वतःपासून लांब सरकवला.
मामा तेव्हा होते.
गाडीवर चिडले, जॅकवर चिडले, शीतलवर तर फारच,
मग दगडावर बसले आणि
पुढ्यातला धपाटा शेवटपर्यंत मोडला नाही.
रात्री ती दोघं बोलत होती, बराच वेळ.
काय, ते कळलं नाही.
ट्रक चढत होते.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनाला.
शेजारचा लेथ थांबायची वाट बघितली.
पुन्हा ऐकलं.
मग हात पुसत म्हणाले,
बंदच पडणार नाही अशी गाडी कुणी केली नाही, आक्का.
पण हिचा बेल्ट संकेश्वरात रविवारी बी मिळतोय.
कित्तूरच्या पानपट्टीवाल्याला बी ठावं असतंय
हिला कोण उघडतंय ते.

शीतलच्या वहीत असा रकाना नव्हता.
त्यानं समासात लिहिलं : संकेश्वर, रविवार.

कागलपर्यंत जाऊन आलो.
सम्मेदनं खिडकी उघडी ठेवली, काही झालं नाही,
त्याचा थोडा विरसच झाला.
परत येताना गोकुळ शिरगावजवळ
आक्का म्हणाल्या, थांबव.
ऊन अजून उसाच्या तुऱ्यांवर होतं.
डबा आणलास?
नव्हता आणला. गाडी बघायला कोण डबा घेऊन जातं?
शीतल समोरच्या गाड्यावरून दोन केळी घेऊन आला.
एक त्यांनी सावकाश खाल्लं,
पाणी प्यायल्या, तोंड पुसलं,
दुसरं डॅशबोर्डवर ठेवलं, पुढच्या काचेला टेकवून.

शेडपाशी उतरलो तरी ते तिथंच होतं.
कुणी उचललं नाही.
शीतल मिस्त्रींना विचारत होता, इसार किती देऊ,
आणि दीर गाडीभोवती फिरत
पांढऱ्याला दुसरं काही नाव देता येतं का ते बघत होते.