आधी कीर्द

उदगीरच्या मोंढ्यात, बाजार समितीच्या मागल्या खोलीत
तुरीचं भुसकट खाऊन सर्व्हरचा पंखा घरघरतोय.
चेकपॉइंट पाच मिनिटांवरून पंधरावर नेला,
लॉगला वेगळी डिस्क दिली,
एफसिंकपाशी बोट थांबलं.
"बंद करा," लातूरचा माणूस फोनवर म्हणाला,
"पट्ट्या झरझर निघतील."

समोर किशनअप्पा. चाळीस वर्षं मुनीम,
आता नुसते बसायला येतात.
"आधी कीर्द, मंग खतावणी.
शाई वाळली नसंल तर पान उलटू नये."
मी चालूच ठेवलं.

दुपारी दोन चाळीसला लाईट गेली.
यूपीएसनं दोनदा चिरकून मान टाकली.
अंधारात फक्त अप्पांचा अडकित्ता.

मग लॉग स्वतःला वाचत आला,
शेवटच्या चेकपॉइंटपासून, ओळ ओळ.
एकशे बारा पट्ट्या जागेवर.
एकशे तेरावी अर्धीच होती:
गंगाबाई बिरादार, तूर, सात कट्टे.
सर्व्हरनं ती सोडून दिली.

"अर्धी वळ म्हंजे वळच न्हाई," अप्पा म्हणाले.
खरंय. पण कट्टे तर काट्यावरच होते,
आणि बाई पायरीवर, पदरानं वारा घेत.

मी विचारलं, नाव?
त्यांनी सांगितलं,
पहिल्यांदाच सांगावं तसं.