नसलेल्या मासोळीचा व्हिडिओ

प्रिय मित्रा,
असं तू लिवतं दरवेळी, म्हणून मीबी लिवतो.
वळख आपली बत्तीसशे रुपयांची.

डबा पोचला. एकोणतीस दिवसांनी,
साकोलीच्या कुरिअरवाल्यानं लाल गाडीत टाकून देल्ला,
कोंबड्यांच्या टोपलीखाली.
कंडक्टर वरडला, "वलथरे कोन? परदेशातून आलं काई!"
स्टँडवरचे लोक मलेच पाहत रायले,
जसा मीच विमानातून उतरलो.

आत एक पिवळा गोळा, कवठाएवढा,
एक काचेची पाटी, आन् घड्या घातलेला कागद.
कागदावर तुमची अक्षरं,
एकेक अक्षर म्हंजे डोंग्यात बसलेला मानूस.
लोमेशनं, माह्या भाच्यानं, मोबाईलवर उलगडून सांगितलं:
गोळा पान्यात सोडा, मासोळी पाटीवर दिसन.

सोडला.
आमचा तलाव मालगुजाराच्या काळचा,
चैतात माह्या छातीले लागत नाई.
पाटी म्हने, चौदा मीटर.
चौदा मीटर!
आन् तिथंच डोमामामा उभा, कंबरभर पान्यात, बिडी न भिजवता.

आन् मासोळ्या? टुंग, टुंग, टुंग.
इथं एक, तिथं सात, बेशरमाच्या बुडाशी तं ढीग.
जाळं फेकलं. शेवाळ.
पुन्हा फेकलं. चप्पल, डाव्या पायाची.
सोसायटीचे बावीस जन पाळीवर बसून पाहत होते.
दीड-दीडशे त्यायनंच काढले होते,
वरचे शंभर उरले त्यात चहा झाला होता.
कोनी हासलं नाई.
हासले असते तं बरं झालं असतं.

मी तुले लिवलं. तू लिवलं:
काळजी नको मित्रा,
मासोळी नाई हे दिसन असा व्हिडिओ पाठवा.

आता तूच सांग,
नसलेल्या मासोळीचा व्हिडिओ कसा काढतेत?

तरी काढला. लोमेश डोंग्यात, मी पान्यात.
गोळा टुंग म्हने, मी हात घालो,
रिकामा हात वर काढो, मोबाईलले दाखवो दोन्हीकून,
शाळेत मास्तरले नखं दाखवत होतो तसा.
चार मिनटं.
त्यात एक बगळा येऊन गेला,
मांगून देवकन्या जेवाले हाका मारते, तेबी आलं.

तू लिवलं: खूप सुंदर जागा आहे.

मंग लिवलं, वापस पाठवा, टपालखर्च तुमचा.
साकोलीच्या पोस्टात इचारलं. एकेचाळीसशे.
मंग लिवलं, दोनशे रुपये देतो, पाच तारे द्या.

तारे मांगतं तू, माह्याकून!
रातभर डोंग्यात असतो मी,
वर इतके लागून असतेत, कोनी भाव नाई इचारत.
तुले पाच कायचे देऊ?

डोमामामा काय करते ते सांगतो.
वल्ह्याचं एक टोक पान्यात, दुसरं कानाले.
डोळे मिटते. मंग म्हनते,
"मरळ हाये. पिल्लं संग हायेत. राहू दे तिले."
हे तुमच्या कागदात कुठं लिवलं नाई.
आमच्याबी नाई.
सभेत मीच म्हनलो होतो,
बुढ्याचं वय झालं, आता मशीन आनू.
तो तिथंच बसला होता, जाळ्याची गाठ मारत.
मान वर नाई केली त्यानं.
ठरावावर पयली सही माही,
शेवटचा अंगठा त्याचा.

हे तुले लिवून काई उपेग नाई, मले समजते.
याचा परतावा तुह्याकडं नाई.

गोळा आता घरी हाये.
काल देवकन्यानं माठात सोडला.
पाटी म्हने, चौदा मीटर, तीन मासोळ्या.
"घ्या, म्हंजे आज पानी भराले नको," म्हनली,
आन् गुंडी उचलून हापशीवर गेली.
मी बसलो. माठ टुंग टुंग करत रायला.

उत्तर पाठव.
व्हिडिओ आता मांगू नको.

तुहा,
हिरामन वलथरे
(सचिव)