तिसरा नंबर

"बंद नको करू बे. बोलू दे त्याले."
बाबारावजी नुसते उभे. हातात पाना नाही, काही नाही.
मानोरा रोडवर, जिनिंगच्या भिंतीआड
लाल ट्रॅक्टर आतून ठोकत होता,
ठक्, ठक्,
कोणी दार वाजवावं आणि घाई नसावी, तसा.

सुखदेव ठवरे सांगत सुटलेला:
थंडा असला का कमी, गरम झाला का जास्त,
चढावर ट्रॉली असली का पायाले जाणवते,
ऑइल परवाच बदललं.
बाबारावजींचा डावा कान थ्रेशरनं नेलेला.
उजव्यासाठी हातभर लांब पेचकस:
टोक ब्लॉकला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटून,
बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईसारखे.

"टॅपेट असं नाही बोलत, ते चिडचिडं असते.
पिस्टन गरम झाल्यावर गप्प बसला असता.
हे खालचं हाये. जड हाये."

मग सतराचा पाना माझ्या हाती.
पहिल्या नंबरचा पाइप सैल केला.
डिझेल बोटांवर, इंजिन लंगडलं, ठक् तसाच.
आवळला. दुसरा. तसाच.
तिसरा सैल केला
आणि आवाज गेला.
दोन पायांवर थरथरत राहिलं इंजिन.
"आवळ." आला.
"सोड." गेला.
चारदा करायला लावलं.
चौथ्यांदा कशाला, मी विचारलं नाही.

संध्याकाळी सम्प उतरवला, रॉडची टोपी काढली.
बेअरिंग तांब्यापर्यंत झिजलेलं
आणि त्याच्या पाठीशी, काळी पडलेली,
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची पट्टी.
"कोण्या येड्यानं घातली?" मी.

ते पट्टी तळहातावर घेऊन बल्बखाली गेले.
कोपरे गोल कापलेले होते.
कोपरे गोल कापणारा
या पट्ट्यात एकच माणूस आहे.

"तुह्या बापाले म्हटलं होतं," सुखदेवकडे न पाहता,
"तुरी निघाल्या का घेऊन ये, कामचलाऊ हाये हे."
"बाबाले जाऊन अकरा वर्सं झाली."
"हो."
थोड्या वेळानं,
"मी बी इचारलं नाही मंग."

मी बेअरिंगचा साइज लिहून घेतला, सकाळच्या अकोला गाडीसाठी.
शटर ओढताना म्हणाले,
"आनखी कोनाकोनात घातली असंल रे मी?"
रोडनं कोणाचा तरी ट्रॅक्टर जात होता.
उजवा कान तिकडं वळला
आणि तो वळणावरून दिसेनासा होईस्तोवर
कुलूप हातातच राहिलं.