भिंतीवरच्या काठीसारखा

लेलँड व्हिरोबिकनं दारात बुटांचा बर्फ झटकायला इतका वेळ लावला
की मला वाटलं, पत्ता विचारायला आलाय कुणी.
मग म्हणाला, क्यू हवाय. तुझ्या हातचा.
पण तसं दिसायला नको.

दिसायला नको म्हणजे?

बारच्या भिंतीवर असतात ना, तसा.
कुणीही उचलतं, कुणीही आपटतं.

मी नमुने काढून बसले होते.
मेपलमध्ये घुसलेली आबनुसाची टोकं,
शिंपल्याची नक्षी, मुठीवर लिननचा धागा,
माझी बावीस वर्षं हिरव्या मखमलीवर.
त्यानं एकेक हातात घेतला, तोलला,
आणि दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं तसा
जपून परत दिला.

कागदाची गिरणी ऑक्टोबरात बंद पडली.
तीनशे बारा जणांना पाकिटं मिळाली, एकाला नाही.
विस्कॉन्सिनच्या थंडीत पाइप फुटू नयेत
म्हणून बॉयलर पेटता ठेवायला एक माणूस लागतो.
हे लेलँड बोलला नाही.
आमच्या गावात बोलावं लागत नाही.
आणि दर मंगळवारी उरलेले सगळे
वेंडलिनच्या बारमध्ये पूल खेळतात.

माळ्यावर चार वर्षं टांगलेल्या दांड्यांतून एक काढली.
पहिल्याच घासाला रुसून वाकली.
दुसरीही.
तिसरीला नखानं टिचकी मारली
तर आवाज टोकापर्यंत गेला आणि परत आला.

लेथवर एका वेळी केसभरच घ्यायचं.
मग महिनाभर सोडून द्यायचं,
लाकडाला जे व्हायचंय ते होऊ द्यायचं,
मग पुन्हा केसभर.
जूनमध्ये लेलँडला बोलावून नुसतं टेबलावर वाकायला लावलं.
रोलर ओढून ओढून त्याचा उजवा खांदा अडतो,
म्हणून तोल दोन बोटं मागे नेला.
जोड असा बसवला
की डोळे मिटून अंगठा फिरवला तरी सापडू नये.

इथवर मला येतं.
पुढचं कधी केलं नव्हतं:
तो स्वस्त दिसायला हवा होता.
बुंध्याला चहा सांडल्यासारखा पिवळट रंग दिला.
वार्निश मुद्दाम मंद ठेवलं.
बारच्या काठ्यांवर वजनाचा आकडा असतो,
तो एकोणीस, जरा तिरका छापला.
तिरका छापायला तीन वेळा खरवडावा लागला,
हात सरळच जात होता.
सही केली नाही.
म्हणजे, तळाचं रबरी बूच काढून
आतल्या वजनाच्या बोल्टवर केली, पेन्सिलीनं.

त्यानं नोटा मोजून दिल्या. पावती नको म्हणाला.

नोव्हेंबरात एका मंगळवारी मी वेंडलिनकडे गेले.
क्यू भिंतीवर होता, सहा वाकड्या काठ्यांत सातवा,
मला स्वतःला तो ओळखायला दोनदा पाहावं लागलं.
लेलँड काउंटरवर, बाटलीचं लेबल सोलत.
डॉर्सी पल्किनेन उठला,
तीन नंबरच्या मशीनवर एकोणतीस वर्षं होता तो,
आणि हाताला आली ती काठी घेतली.

चेंडू गेला.
डॉर्सी थांबला.
काठीकडे पाहिलं, मग ती टेबलावर आडवी ठेवून
हातानं हलकेच ढकलली.
सुतासारखी गेली, कुठे उचकली नाही.
त्यानं एकदा सगळ्या बारवरून नजर फिरवली.
लेलँडचं लेबल अजून निघायचं होतं.
डॉर्सीनं खडू लावला, सावकाश, कडेकडेनं.

मग लेलँडची पाळी.
तो भिंतीपाशी गेला आणि जिचं चामडं
गेल्या वर्षीच उडालंय ती काठी घेऊन आला.
सोपा चेंडू हुकला. कुणीतरी हसलं.
तोही हसला.

डॉर्सी रात्रभर त्याच काठीनं खेळला.
जाताना ती परत लावली,
इतर सहांना धक्का लागू न देता,
आणि कोट घालून पुन्हा वळून
ती नीट उभी आहे ना, हे पाहिलं.