तेवीस कागद

सोमवारी शिरोली एमआयडीसी बंद.
भट्टी गार, क्रेन गप्प,
आणि केबिनमध्ये मी, पुढ्यात तेवीस कागद,
नाव न लिहिलेले.
पुण्याच्या ऑफिसातून आलेली नवी रीत :
साहेबाला आता खालच्यांनी मार्क द्यायचे.
पाचपैकी.

वाटताना मी हसत म्हणालो होतो,
'मोकळेपणानं लिवा, मी काय खातोय व्हय?'
कुणीच हसलं नाही.

एकोणीस वर्षं कास्टिंग ठोकून बघतोय.
हातोडीचा हलका टोला,
खणखणीत वाजलं तर गाडीत,
बद्द वाजलं की लाल खडूची फुली.
फुली का, हे विचारायला
कास्टिंगला तोंड नसतं.

नाव नाही म्हणे. अक्षरं तर आहेत.
'वेळ'मधला आडवा पडलेला ळ बाळगोंडाचा,
लॉगबुकात रोज भेटतो.
हिरवी शाई फक्त दस्तगीरकडं.
'साहेब चांगले हाईत' असं लिहून
खाली दोनच मार्क दिलेत कोअर शॉपच्या आक्काताईंनी,
म्हणजे बाईंचं दोन्हीकडून बोलून झालं.
एकानं लिहिलंय, ऐकून घेतात, पण मोबाइल बघत.
दुसऱ्यानं :
'उन्हाळ्यात आमी फॅन मागितला. केबिनला एसी आला.'

मी डायरी काढली, नावं जुळवू लागलो.
सोळा जुळली.
तेवढ्यात माझ्याच हातातला लाल पेन दिसला.

उरलेल्यांत एक कागद होता,
सरळ रेघेत सगळीकडं पाच.
वेळ पाच, वागणूक पाच, न्याय पाच.
ना खाडाखोड, ना शाईचा डाग.
दोन मार्क देणाऱ्यांचा राग आला होता मला,
ह्याच्यापुढं मात्र बसून राहिलो.
असलं स्वच्छ कास्टिंग मी कधी पास करत नाही,
पुन्हा ठोकतो.
ह्याला कुठं ठोकू?
एवढं काय केलं असेल मी ह्या माणसाला
की नाव नसतानासुद्धा तो भितो?

डायरीचं पान फाडलं.
फाडलं म्हणजे घडी करून खिशात घातलं,
खोटं कशाला बोलू.

गेटवर शिवाप्पा. वॉचमनला फॉर्म नव्हता.
'किती देशील रे मला? पाचातले?'
त्यानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं,
पुन्हा एकदा ओढून पाहिलं.
'सुट्टीदिवशी आलायसा,' म्हणाला,
'घरातबी फारम वाटल्यात व्हय, साहेब?'