नावात बदल

तबकभर तांदूळ पसरून
अंगठीच्या कडेनं ह्यांनी लिहिलं: शर्मिला.
नाव आत्याबाईंनी काढलेलं,
सुरतेच्या साडीच्या खोक्यावरून.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खिचडी झाली.
मीही जेवले.
अडतीस वर्षं पचलं.

पासपोर्टही त्याच नावाचा.
ठिबकच्या कंपनीनं डीलरांना बँकॉक दाखवायचं ठरवलं,
तेव्हा जोडीनं काढलेला.
ऐनवेळी कळलं, बायका न्यायच्या नाहीत.
ह्यांच्यात दोन शिक्के,
माझ्यात छत्तीस पानं कोरी,
दहा वर्षं कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात.

मुदत संपली. सावद्याच्या स्टँडमागचा एजंट,
कीबोर्डवरून मान न उचलता:
"नुसतं नूतनीकरण ना काकू? का काही बदल?"
तोंडून निघून गेलं,
"हो. नाव."

कुठं जायचंय, सगळ्यांनी विचारलं.
एजंटनं, सुनेनं, शंभरदा सही मारणाऱ्या नोटरीनं.
कुठंच नाही म्हटलं की
समोरच्याचं पेन थांबायचं.

ट्रंकेच्या तळातून दाखला निघाला:
द्वारका टोपलू अत्तरदे,
इयत्ता नववी, वर्तणूक चांगली,
शाळा सोडण्याचे कारण: लग्न.
हे चष्मा लावून वाचत बसले.
"मग आता मी काय हाक मारू?"
मारत कुठं होतात?
"अवं, ऐकतं का" तेच चालू द्या.

शुक्रवारी जाहिरात छापून आली,
हरवलेल्या बॅगेच्या खाली, विकाऊ रोटाव्हेटरच्या वर:
मी, शर्मिला मुरलीधर फेगडे,
यापुढे द्वारका मुरलीधर फेगडे या नावाने ओळखली जाईन.
कुणाकडून,
ते छापलं नव्हतं.

जळगावच्या पोस्टात मशीन माझी बोटं घेईना.
केळीच्या चिकानं रेषा कधीच बुजवलेल्या.
तिथल्या मुलीनं ओला कागद दिला, पुसा,
पुन्हा ठेवा, दाबा, अजून दाबा.
सहाव्या खेपेला उजव्या हाताची करंगळी उठली,
मग एकेक करून बाकीच्या.
"फोटोत हसायचं नाही हं, मॅडम."
मी हसत होते हे मला माहीतच नव्हतं.

मग हवालदार आला चौकशीला.
समोरच्या ओट्यावर सुमनबाई झोपे लसूण सोलत होत्या.
"द्वारका फेगडेंना ओळखता का?"
"अशी कोनी नही आमच्या गल्लीत."
"त्या समोरच्या घरातल्या."
"ते? ते तं शर्मिला हाये!
अडतीस वर्सं झाले, पाहून राह्यली मी तिले."
हवालदाराला विनोद सुचला:
द्वारका तर बुडाली ना मावशी, कीर्तनात ऐकलंय.
सुमनबाईंनी सही केली, अक्षर लावून लावून.
तो गेल्यावर मला हात केला.
"माह्यं नाव बी सुमन नव्हतं वं."
मग?
एक पाकळी सोलली. दुसरी घेतली, तशीच धरून ठेवली.
"कोकिया," म्हणाल्या,
आणि लगेच आत गेल्या,
दूध वर आलं असावं.

पाकीट आलं तेव्हा मी मागच्या दारी
हंडा घासत होते.
पोस्टमन ओरडत होता, द्वारका मुरलीधर, द्वारका मुरलीधर,
मला वाटलं, असेल कुणाचं.
हे ओसरीवरून "इथं नही" म्हणायच्या बेतात,
तेवढ्यात समोरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं,
"द्वारके! वं द्वारके! तुह्यं आलं!"
राखेच्या हातांनी तशीच धावले.

सही करताना पेन 'श'वर गेलं.
खोडलं. पोस्टमन म्हणाला, चालतं.

जुना पासपोर्टही परत मिळालाय,
कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून.
तेवढा एकच शिक्का त्यात.
बाकी पानं चांगली जाड आहेत.
एक तारखेपासून
दुधाचा हिशेब त्यातच लिहिते.